अंबरनाथचा प्लॅटफॉर्म, भास्कराचार्यांचा राजा आणि चौपट होणारं अंतर

मंडळी, आज जरा मोठी पोस्ट आहे. विषय गणिताचा आहे, पण घाबरू नका. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात राहणाऱ्या प्रत्येकाच्या रोजच्या जगण्याशी, आणि खरं सांगायचं तर जिवाशी, या गणिताचा संबंध आहे.

प्रश्न साधा आहे. एखादी गोष्ट थांबलेल्या अवस्थेतून निघाली आणि तिचा वेग दर सेकंदाला सारखाच वाढत गेला, तर ती किती अंतर जाईल? नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा ‘गतीचे नियम’. त्यात हे समीकरण आहे: अंतर म्हणजे सुरुवातीचा वेग गुणिले वेळ, अधिक त्वरणाच्या निम्मे गुणिले वेळेचा वर्ग. आपण सगळ्यांनी ते पाठ केलं, पेपरात लिहिलं आणि विसरून गेलो.

विसरलो त्यातला महत्त्वाचा शब्द होता ‘वर्ग’. वेळ दुप्पट झाली की अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. वेळ तिप्पट, तर अंतर नऊपट. आपलं डोकं मात्र कायम दुप्पटीचाच हिशेब करतं. भाजी दुप्पट घेतली की पैसे दुप्पट, हीच सवय. त्या सवयीवर विसंबून आपण रूळ ओलांडतो, सुटलेल्या गाडीमागे धावतो आणि टाइमटेबलवरून वाद घालतो. म्हणून आज या एका शब्दाचा इतिहास.

आधी चाळीसगावला जाऊ

आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखात शके ९८२ ही तारीख आहे, म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहार राजा मम्वाणीचा काळ. या लेखाच्या वाचनाशी मुंबईच्या एका मोठ्या माणसाचं नाव जोडलेलं आहे, डॉ. भाऊ दाजी लाड. भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या म्युझियमला ज्यांचं नाव आहे, तेच. पेशाने डॉक्टर, आणि वेड जुन्या लेखांचं.

याच भाऊ दाजींनी आणखी एक शिलालेख जगापुढे आणला. तो जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण इथला. १८६५ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या लेखात त्याची माहिती आली. हा लेख सन १२०७ चा. त्यात लिहिलंय की चांगदेव नावाच्या ज्योतिषाने एक मठ स्थापन केला. कशासाठी? तर आपल्या आजोबांचे ग्रंथ तिथे शिकवले जावेत म्हणून. ते आजोबा म्हणजे भास्कराचार्य.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे १११४ सालचा. अंबरनाथचं मंदिर तेव्हा पन्नाशी ओलांडलेलं होतं. आपण सह्याद्रीजवळच्या विज्जडविड गावचे, असं ते स्वतः सांगतात. ते गाव नेमकं कुठलं यावर विद्वानांत मतभेद आहेत, पण पाटणचा शिलालेख आजही आपल्या महाराष्ट्रात आहे. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला. ‘लीलावती’ हा त्याचाच अंकगणिताचा भाग मानला जातो.

‘लीलावती’त श्रेढीच्या प्रकरणात एक उदाहरण आहे. माझ्या शब्दांत सांगतो. एक राजा शत्रूचे हत्ती पकडायला निघतो. पहिल्या दिवशी तो २ योजनं चालतो. पुढे रोज ठरावीक अंतर वाढवत जातो. शत्रूचं नगर ८० योजनं लांब आहे आणि तो सात दिवसांत तिथे पोचतो. तर रोजची वाढ किती?

बघा, हा एकसमान वाढणाऱ्या वेगाचा प्रश्न आहे. फक्त सेकंदाच्या जागी दिवस आणि मीटरच्या जागी योजन.

भास्कराचार्यांची रीत फार सुबक आहे. पहिलं पद म्हणजे ‘आदि’. रोजची वाढ म्हणजे ‘चय’. किती दिवस, तो ‘गच्छ’. पहिल्या आणि शेवटच्या पदाची बेरीज करून निम्मी केली की मिळतं ‘मध्यधन’. आणि मध्यधनाला गच्छाने गुणलं की ‘सर्वधन’, म्हणजे एकूण.

आता उलटं सोडवू. एकूण ८०, दिवस ७. म्हणजे मध्यधन ८० भागिले ७, साधारण ११.४ योजनं. सात दिवसांतला मधला दिवस चौथा. पहिल्या दिवशी २, चौथ्या दिवशी ११.४, मध्ये तीन वेळा वाढ झाली. तर रोजची वाढ येते २२ भागिले ७ योजनं. (२२/७ दिसलं म्हणून यात वर्तुळ शोधू नका. निव्वळ योगायोग.)

पडताळा हवा असेल तर सातही दिवसांचं चालणं सातच्या छेदात मांडा: १४, ३६, ५८, ८०, १०२, १२४, १४६. बेरीज ५६०. भागिले ७, बरोबर ८०.

यातली गंमत लक्षात घ्या. राजा रोज वेगळं अंतर चालला, तरी एकूण हिशेब मधल्या एकाच दिवसावरून लागतो. चौथ्या दिवशी जितका चालला तितकाच रोज चालला असता, तरी सातव्या दिवशी तिथेच पोचला असता. वाढ एकसारखी असेल तर सरासरी म्हणजे नेमका मध्य. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

श्रेय द्यायचं तर मोजून द्यायचं

इथे थांबून एक स्पष्ट बोलतो. आता लगेच कुणीतरी फॉरवर्ड बनवेल की गॅलिलिओने सगळं भास्कराचार्यांकडून उचललं. तसं नाही, आणि तसं म्हणण्याची गरजही नाही.

भास्कराचार्यांचा राजा दिवसाच्या पायऱ्यांनी वेग वाढवतो. पहिल्या दिवसभर एक चाल, दुसऱ्या दिवशी एकदम दुसरी. पडणारा दगड तसा पायऱ्यांनी वेगवान होत नाही. त्याचा वेग क्षणाक्षणाला, अखंड वाढतो. ग्रहांच्या बाबतीत भास्कराचार्यांनी ‘तात्कालिक गती’चा, म्हणजे त्या-त्या क्षणीच्या गतीचा विचार केलेला आहे आणि तो फार पुढचा आहे. पृथ्वी जड वस्तूंना आपल्याकडे ओढते, असंही त्यांनी लिहिलंय. पण पडणारी वस्तू किती वेळात किती अंतर पडते, याचा नियम त्यांनी दिलेला नाही.

तरी दोन्ही सूत्रं शेजारी ठेवून बघा. श्रेढीच्या बेरजेत येतं: आदि गुणिले गच्छ, अधिक चयाच्या निम्मे गुणिले गच्छ गुणिले ‘गच्छ वजा एक’. विज्ञानाच्या पुस्तकात येतं: सुरुवातीचा वेग गुणिले वेळ, अधिक त्वरणाच्या निम्मे गुणिले वेळ गुणिले वेळ. फरक फक्त त्या ‘वजा एक’चा. दिवसाऐवजी तास घ्या, तासाऐवजी मिनिट, मिनिटाऐवजी सेकंद. तुकडे जितके बारीक, तितकी त्या ‘वजा एक’ची किंमत कमी. हजार तुकड्यांत एक वजा झाला काय, न झाला काय.

नववीचं विज्ञान त्वरण शिकवतं. दहावीचं गणित अंकगणिती श्रेढी शिकवतं. ‘श्रेढी’ हा शब्दसुद्धा थेट ‘लीलावती’तला. दोन्ही धडे एकाच गोष्टीबद्दल आहेत, पण विषय वेगळे, तास वेगळे, पेपर वेगळे. मुलाला वाटतं एक पाठ करायचं समीकरण आहे आणि दुसरं पाठ करायचं सूत्र. शाळेत शिकवणाऱ्या मित्रांनो, हा दुवा एकदा फळ्यावर मांडून बघा.

तिकडे युरोपात

भास्कराचार्यांनंतर साधारण दोनशे वर्षांनी, चौदाव्या शतकात, ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातले पंडित याच गोष्टीवर डोकं लढवत होते. वेग एकसारखा वाढत असेल तर एकूण अंतर मधल्या क्षणाच्या वेगावरून काढता येतं, हे त्यांनी अखंड गतीसाठी मांडलं. पॅरिसच्या निकोल ओरेमने त्याचं चित्र काढलं: आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर वेग, आणि तयार होणाऱ्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ म्हणजे अंतर. त्रिकोणाचं क्षेत्रफळ पाया गुणिले उंचीच्या निम्मे. समीकरणातला तो ‘निम्मे’ आला तो इथून.

पण ही सगळी कागदावरची मांडणी. निसर्गात खरंच असं घडतं का, हे मोजून दाखवलं गॅलिलिओने. दगड सरळ खाली टाकला तर इतका झटकन पडतो की तेव्हाच्या घड्याळांनी मोजणं अशक्य. त्याने युक्ती केली. लाकडी फळीला गुळगुळीत खाच पाडली, फळी थोडी तिरकी ठेवली आणि खाचेतून गोळी सोडली. उतार कमी म्हणजे वेग हळू वाढणार, मोजायला सवड मिळणार. वेळ मोजायला मोठ्या भांड्यातून बारीक धारेने पडणारं पाणी; जमलेलं पाणी तराजूत तोलायचं, जितकं वजन तितकी वेळ.

निष्कर्ष असा निघाला. पहिल्या ठोक्यात गोळी १ भाग गेली, तर दुसऱ्यात ३, तिसऱ्यात ५, चौथ्यात ७. विषम संख्या. एकूण अंतर बघा: १, मग ४, मग ९, मग १६. सगळे वर्ग. १६३८ मध्ये हॉलंडमधल्या लायडनला छापलेल्या पुस्तकात त्याने हे मांडलं. तेव्हा तो स्वतः नजरकैदेत होता.

ही फळी आपल्याच लाइनवर आहे

गॅलिलिओची तिरकी फळी बघायला इटलीला जायला नको. कर्जतच्या पुढे ती उभी आहे, तिचं नाव बोरघाट.

बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली १६ एप्रिल १८५३ ला. १८५४ मध्ये रूळ कल्याणला आले. १८५६ मध्ये कल्याणहून आपल्या या पट्ट्यातून पळसदरीपर्यंत, घाटाच्या पायथ्याशी. आणि १८६३ मध्ये बोरघाट खुला झाला. घाटातला सर्वांत तीव्र उतार ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर चाललं की १ मीटर खाली.

पायी चालताना हा उतार जाणवणारही नाही. पण ब्रेक गेलेल्या गाडीला तो पुरेसा आहे. चाकांचं घर्षण वजा करून दर सेकंदाला वेग ०.२ मीटरने वाढतो असं धरू. पहिल्या मिनिटाअखेर वेग ताशी ४३ किलोमीटर, गाडी गेली ३६० मीटर. दुसऱ्या मिनिटाअखेर ताशी ८६, एकूण अंतर १,४४० मीटर. तिसऱ्या मिनिटाअखेर ताशी १३० च्या आसपास, आणि अंतर ३,२४० मीटर. मिनिटं तीन झाली, अंतर नऊपट झालं.

म्हणून घाट उतरताना गाड्या थांबवून ब्रेक तपासतात. म्हणूनच घाटात कॅच साइडिंग आहेत, म्हणजे ताब्यात न राहिलेली गाडी वळवून चढावर घालायची आणि चढानेच तिला थांबवायचं. गुरुत्वाकर्षणाने दिलेला वेग गुरुत्वाकर्षणालाच परत करायचा. खाली येणाऱ्या वेगाचा जो हिशेब, तोच चढावर जिरणाऱ्या वेगाचा. समीकरण तेच, फक्त चिन्ह उलटं.

हा धडा जगाने सहज शिकलेला नाही. १२ जून १८८९ ला आयर्लंडमधल्या आर्मा इथे सहलीच्या गाडीचे मागचे डबे तोडून उतारावर उभे केले होते. ते मागे घरंगळले, वेग घेत गेले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. साधारण ऐंशी माणसं गेली, त्यात बरीच लहान मुलं. त्यानंतर त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कायदा झाला: प्रवासी गाडीच्या सगळ्या डब्यांना सलग ब्रेक हवा, आणि गाडी तुटली तर तो आपोआप लागायला हवा. समीकरण तर अडीचशे वर्षांपूर्वीच छापून झालं होतं. कायदा व्हायला तेवढी माणसं मरावी लागली.

वीज का आली?

३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला हार्बर मार्गावर विजेची पहिली लोकल धावली. पुढच्या पाच-सहा वर्षांत वीज कल्याणच्या पुढे आपल्या भागातून घाट चढून पुण्यापर्यंत गेली. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली.

विजेची गाडी म्हणजे जास्त वेगाची गाडी, असं लोकांना वाटतं. लोकलच्या बाबतीत खरा फायदा जास्तीत जास्त वेगाचा नव्हता, त्वरणाचा होता. वाफेचं एक इंजिन पुढे, तेच सगळी गाडी ओढणार. लोकलमध्ये मोटरी अनेक डब्यांखाली वाटलेल्या असतात, त्यामुळे ती लवकर वेग पकडते.

याचा अर्थ आपल्या पट्ट्यात काय होतो ते बघा. कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, या स्टेशनांमधली अंतरं दोन-दोन किलोमीटरच्या आसपास. समजा वाफेची गाडी दर सेकंदाला वेग ०.२ मीटरने वाढवते. ताशी ९० ला पोचायला तिला सव्वाशे सेकंद आणि दीड किलोमीटरहून जास्त अंतर लागेल. म्हणजे वेग पकडेपर्यंत पुढचं स्टेशन येणार. लोकलसाठी ०.५ धरू. तिला ५० सेकंद आणि ६२५ मीटर पुरतात. गर्दीच्या, जवळजवळ स्टेशनांच्या शहराला वीज का लागली, त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. (हे आकडे हिशेबाच्या सोयीचे आहेत, प्रत्येक रेकचा खरा आकडा थोडा वेगळा असतो.)

आता प्लॅटफॉर्मवर या

गाडी अंबरनाथहून सुटते. वेगवाढ ०.५ च धरू. पहिल्या १० सेकंदांत ती जाते २५ मीटर. पुढच्या १० सेकंदांत ७५. त्यापुढच्या दहात १२५. त्यापुढे १७५. पंचवीसने भागा: १, ३, ५, ७. गॅलिलिओच्या विषम संख्या आपल्या प्लॅटफॉर्मवरून रोज सुटतात, आपण बघत नाही एवढंच.

बारा डब्यांची गाडी साधारण अडीचशे मीटर लांब. तुम्ही पुढच्या टोकाला, पिवळ्या रेषेच्या मागे उभे असाल तर गाडी हलल्यापासून शेवटचा डबा तुमच्या पुढून जायला अंदाजे ३२ सेकंद लागतील. त्यातले पहिले सहा डबे घेतात २२ सेकंद, उरलेले सहा फक्त ९-१०. मोबाईलवर मोजून बघा. गाडीच्या लांबीची दुप्पट करा आणि वेळेच्या वर्गाने भागा, त्या गाडीचं त्वरण तुमच्या हातात. पोरांना सोबत घ्या. यापेक्षा स्वस्त प्रयोगशाळा मिळणार नाही.

आता त्याच आकड्यांची दुसरी बाजू. दहाव्या सेकंदाला गाडीचा वेग होतो ताशी १८ किलोमीटर. खांद्याला बॅग, हातात डबा घेतलेला माणूस जीव तोडून धावला तरी त्याच्या आसपासच धावतो. गाडी तोवर सरकलेली असते फक्त २५ मीटर, एका डब्याहून थोडी जास्त. डोळ्याला वाटतं, ‘अरे, आत्ता तर हलली, मिळेल.’ पण पुढच्या प्रत्येक सेकंदाला ती तुमच्यापेक्षा वेगवान होत जाणार आणि तुम्ही दमत जाणार. सुटलेल्या गाडीमागे धावणाऱ्याला वाटतं की आपली शर्यत गाडीशी आहे. खरं तर शर्यत वेळेच्या वर्गाशी आहे, आणि ती कुणीच जिंकत नाही.

आणि रुळांवर

सगळ्यात महत्त्वाचं आता. ब्रेकचा हिशेब म्हणजे हेच समीकरण उलट्या बाजूने. थांबायला लागणारं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले ब्रेकच्या जोराची दुप्पट. इथेही वर्ग आहे.

लोकलचा ब्रेक दर सेकंदाला वेग ०.८ मीटरने कमी करतो असं धरू. ताशी ३६ च्या वेगाने येणारी गाडी सुमारे ६३ मीटरमध्ये थांबेल. ताशी ७२ ला? दुप्पट नाही. २५० मीटर, म्हणजे गाडीची अख्खी लांबी. ताशी ९० ला ३९० मीटर. त्यात मोटरमनला तुम्ही दिसून त्याचा हात ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ धरलेला नाही. ताशी ७२ ला दोन सेकंद म्हणजे आणखी ४० मीटर. मेल-एक्सप्रेसचं तर विचारूच नका. ताशी १०८ चा वेग आणि ब्रेकचा जोर ०.५ धरला तर ९०० मीटर होतात.

म्हणून सिग्नलसुद्धा एकदम लाल होत नाही. आधी दोन पिवळे, मग एक पिवळा, मग लाल. ही रांग म्हणजे थांबण्याच्या अंतराचं समीकरणच रुळांच्या कडेला खांबांवर टांगलेलं आहे. गाडीला सिग्नल आधीपासून सांगत येतो, तेव्हा कुठे ती लालपाशी थांबते. रुळांत मध्येच उतरलेला माणूस कुठल्याही सिग्नलवर दिसत नाही.

समोरून येणाऱ्या मोठ्या वस्तूचा वेग डोळ्याला कमी भासतो, हे आणखी एक. अडीचशे मीटरवर दिसणारी, ताशी ७२ ने येणारी गाडी साडेबारा सेकंदांत तुमच्यापाशी असते. खडीवरून, दोन-दोन रूळ चुकवत, पिशवी सांभाळत, कानात इअरफोन घालून पलीकडे जायला किती सेकंद लागतात ते मनातल्या मनात मोजा. मोटरमनने बघून लगेच ब्रेक दाबला तरी गाडी तुमच्या जागेपर्यंत येणारच, फक्त वेग कमी झालेला असेल. त्या वेगालासुद्धा माणसाचं शरीर टिकत नाही.

रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली रुळांत घुसणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड. पण दंडाच्या भीतीने कुणी थांबल्याचं दिसत नाही. हिशेब समजला तर कदाचित थांबेल.

मग मागायचं काय?

सगळा दोष रूळ ओलांडणाऱ्यावर टाकून मोकळं होता येणार नाही. या पट्ट्यात रुळांच्या एका बाजूला घर आणि दुसऱ्या बाजूला बाजार, शाळा, रिक्षा स्टँड, अशीच वस्ती वाढत गेली. माणूस पूल सोडून रुळांत उतरतो, कारण पूल लांब पडतो, जिने उंच असतात आणि गुडघे दुखतात. जिथे माणसं रोज ओलांडतात, पूल तिथे हवा. जिथे नकाशावर सोयीचं आहे तिथे नाही.

दुसरं म्हणजे कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका. एमयूटीपी ३ए मधला हा साधारण १४ किलोमीटरचा प्रकल्प, केंद्राची मंजुरी २०१९ ची. ती का हवी, हेसुद्धा त्वरणच सांगतं. दोनच रुळांवर लोकल, मेल आणि मालगाडी एकामागे एक धावतात. लोकल चटकन वेग घेते, चटकन थांबते. मालगाडीला दोन्हीला प्रचंड अंतर लागतं. एकाच गल्लीतून रिक्षा आणि रोडरोलर पाठवल्यासारखं. गल्लीचा वेग रोडरोलर ठरवतो. मालगाडी पुढे असेल तर मागच्या लोकलचं त्वरण वाया जातं. नव्या एसी गाड्या, नवे रेक, सगळं येऊ द्या. रूळ वेगळे झाल्याशिवाय त्यांचा पुरता फायदा आपल्याला मिळणार नाही.

तिसरं, अंबरनाथ-बदलापूरच्या मधलं चिखलोली स्टेशन. ‘आणखी एक थांबा म्हणजे आणखी उशीर’ अशी तक्रार ऐकू येते. तर हिशेब करू. ताशी ९० वरून थांबायला ३१ सेकंद, परत ९० ला पोचायला ५० सेकंद. या ८१ सेकंदांत जे अंतर कापलं, ते न थांबता ४१ सेकंदांत झालं असतं. तोटा ४० सेकंद, अधिक थांब्याचे २०-३०. म्हणजे मिनिटभर, फार तर सव्वा मिनिट. त्या एका मिनिटाच्या बदल्यात मधल्या वस्तीतल्या माणसांचा स्टेशन गाठण्याचा त्रास वाचतो. मला हा सौदा परवडणारा वाटतो. तुम्हाला वाटत नसेल तर जरूर सांगा, पण आकड्यांनी सांगा.

हेच मला शेवटी म्हणायचं आहे. भास्कराचार्यांनी राजाचं चालणं मोजलं. गॅलिलिओने पाणी तोलून सेकंद मोजले. आर्मानंतर लोकांनी कायदा करून घेतला. आपण मात्र स्टेशनच्या बैठकीला जातो आणि ‘फार हाल होतात हो साहेब’ एवढंच म्हणून परत येतो. हाल होतात हे साहेबांना माहीत आहे. कुठल्या जागी दिवसाला किती माणसं रूळ ओलांडतात, तिथे गाडी किती वेगाने येते, तिला थांबायला किती मीटर लागतात आणि जवळचा पूल किती मीटरवर आहे, हे चार आकडे कागदावर लिहून नेले तर त्या कागदाला उत्तर द्यावं लागतं.

नववी-दहावीतल्या कुठल्याही पोराला हे आकडे काढता येतील. आपापल्या स्टेशनचे काढा आणि इथे लिहा. पुढच्या निवेदनाला तेच जोडू.

आणि ते होईपर्यंत, पुलावरून या. दोन मिनिटं जास्त लागतील, लागू देत.